मोठ्या इमारतींतून गर्दीचे निर्गमन : संगणकीय प्रतिरूपण आणि स्थानाधारित मार्गदर्शन

प्रश्नाचा आवाका

रेल्वे स्थानक, विमानतळ, मॉल, नाट्यगृह किंवा बहुमजली कार्यालय अशा इमारतींत एकाच वेळी हजारो माणसे असतात आणि त्यांतील बहुतेकांना ज्या दरवाजाने ती आत आली तेवढाच बाहेरचा रस्ता ठाऊक असतो. आग लागली, धूर पसरू लागला, तर ही सारी माणसे वेळेत सुरक्षित जागी पोहोचतील का, हा प्रश्न अग्निसुरक्षा अभियांत्रिकीत दोन काळांच्या तुलनेतून मांडला जातो. धूर, उष्णता आणि विषारी वायू यांमुळे जागा असह्य होण्यापूर्वी हाताशी असलेला काळ हा पहिला, आणि सर्वांना बाहेर पडण्यासाठी प्रत्यक्षात लागणारा काळ हा दुसरा. पहिला दुसऱ्यापेक्षा पुरेशा फरकाने मोठा असेल, तर रचना सुरक्षित मानली जाते. दुसरा काळ प्रत्यक्ष मोजायचा, तर माणसांना खऱ्या धोक्यात लोटावे लागेल, आणि कवायतीत मोजायचा, तर धोका नसल्याने माणसे वेगळी वागतात. म्हणून या क्षेत्राचा भर प्रतिरूपणावर, म्हणजे इमारत आणि तिच्यातील माणसे यांची संगणकावर चालणारी प्रतिकृती उभारून तिच्यातून निष्कर्ष काढण्यावर राहिला आहे.

गेल्या दोन-अडीच दशकांत या चर्चेला आणखी एक धागा जोडला गेला. माणूस इमारतीत नेमका कोठे आहे हे कळू शकत असेल, तर प्रत्येकाला त्याच्या जागेनुसार वेगळी सूचना देता येईल आणि गर्दी अनेक मार्गांवर वाटता येईल, ही ती कल्पना होय. तिलाच स्थानाधारित मार्गदर्शन म्हणतात. ही कल्पना आज कोठवर आली आहे, तिच्यासंबंधी कोणत्या भूमिका आहेत आणि कोणते प्रश्न अनुत्तरित आहेत, याचा विचार येथे केला आहे.

प्रवाहापासून व्यक्तीपर्यंत

गर्दीच्या हालचालीचा शास्त्रीय अभ्यास प्रथम प्रवाहाच्या कल्पनेवर उभा राहिला. जपानमध्ये तोगावा यांनी १९५५च्या सुमारास आणि सोव्हिएत संघात प्रेद्तेचेन्स्की व मिलिन्स्की यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, दाटी वाढत गेली की चालण्याचा वेग कसा घटतो, याची मोजमापे मांडली. अमेरिकेत जॉन फ्रुइन यांनी १९७१ साली पादचारी जागांसाठी सोयीच्या सहा पायऱ्या ठरवल्या, तर कॅनडात जेक पॉल्स यांनी उंच इमारतींतील कवायतींचे निरीक्षण करून दाखवले की जिन्याची पूर्ण रुंदी कधीच वापरली जात नाही, कारण माणसे भिंतीपासून आणि कठड्यापासून थोडी अलग चालतात. स्वित्झर्लंडमधील वाइडमान यांच्या १९९३च्या संकलनातील आकडे आजही अनेक प्रणालींत मूळ मूल्ये म्हणून वापरले जातात : मोकळ्या जागेत चालण्याचा सरासरी वेग सेकंदाला १.३४ मीटर, आणि दर चौरस मीटरला सुमारे ५.४ माणसे झाली की हालचाल जवळपास थांबते.

या आकड्यांच्या सार्वत्रिकतेविषयी मात्र शंका घेण्यास आधार आहे. चट्टराज, सायफ्रीड आणि चक्रवर्ती यांनी २००९ साली भारतीय आणि जर्मन स्वयंसेवकांना एकाच रांगेत चालायला लावून तुलना केली, तेव्हा भारतीयांचा वेग दाटी वाढल्याने जर्मनांइतका घटत नाही आणि ते एकमेकांच्या अधिक जवळ राहून चालू शकतात, असे दिसले. युरोपीय आकडे घातलेली प्रणाली भारतीय स्थानकासाठी जशीच्या तशी वापरली, तर तिचे उत्तर कोणत्या बाजूला चुकेल, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही.

प्रवाहाच्या पद्धतीत माणसे एकसारखी धरली जात. १९८०च्या दशकात इमारत म्हणजे खोल्या आणि मार्गिका यांचे जाळे मानून गणिती इष्टतमीकरणाने किमान निर्गमनकाळ काढला जाऊ लागला; हे उत्तर सर्वांनी आदर्श मार्ग निवडला तर काय होईल, एवढेच सांगते. त्यानंतर व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारी प्रतिमाने आली. डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी १९९५ साली मांडलेल्या सामाजिक-बल प्रतिमानात प्रत्येक व्यक्तीवर काही काल्पनिक बले काम करतात : इच्छित दिशेने ओढणारे एक, आणि इतर माणसे व भिंती यांच्यापासून दूर ठेवणारी इतर. २००० साली हेल्बिंग, फार्कास आणि विचेक यांनी याच प्रतिमानातून दाखवले की दाराशी सर्वजण अधिक घाई करू लागले, की एकमेकांत अडकून एकूण निर्गमन मंदावते. २०१४ साली स्पेनमधील संशोधकांनी स्वयंसेवकांसह केलेल्या प्रयोगांत या परिणामाला पुष्टी मिळाली. त्याच परंपरेतील दुसरा बहुचर्चित दावा, म्हणजे दारासमोर खांब उभा केला तर प्रवाह सुधारतो, हा मात्र नंतरच्या मानवी प्रयोगांत टिकला नाही. एकाच प्रतिमानातून निघालेल्या दोन निष्कर्षांपैकी एक खरा ठरावा आणि दुसरा गळून पडावा, यावरून संगणकाच्या पडद्यावर पटण्याजोगे दिसणारे वर्तन हा स्वतंत्र पुरावा मानता येत नाही, हे स्पष्ट होते.

दुसरी शाखा पेशीय स्वयंचल प्रतिमानांची आहे. यात जमीन साधारण ४० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनांत विभागली जाते आणि प्रत्येक व्यक्ती ठरावीक नियमांनी शेजारच्या चौकोनात सरकते. बुर्स्टेडे, शाडश्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली यात भर घातली की चालून गेलेली माणसे जमिनीवर एक विरत जाणारी खूण सोडतात आणि मागून येणारे तिच्याकडे ओढले जातात. अनुकरणाचे गणन त्यामुळे स्वस्त झाले. व्यवहारात ग्रिनिच विद्यापीठाची एक्झोडस, फिनलंडमध्ये विकसित झालेली एफडीएस-इव्हॅक, अमेरिकेतील पाथफाइंडर आणि जर्मनीतील युलिश येथील ज्युपेडसिम अशा प्रणाली प्रचलित आहेत.

धोक्यात माणसे काय करतात

अभियंते वेगाचे गणित मांडत असताना समाजशास्त्रज्ञांनी त्या गणिताखालच्या गृहीतकालाच हात घातला. संकटात माणसे भेदरून बेभान पळतात ही समजूत एन्रिको क्वारांतेली यांनी १९५४ सालीच तपासली होती आणि असे वर्तन अपवादात्मक परिस्थितीतच घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मॅन बेटावरील समरलँड या करमणूक केंद्रात २ ऑगस्ट १९७३ रोजी लागलेल्या आगीत ५० माणसे दगावली. तिचा अभ्यास करून जॉनथन साइम यांनी दाखवले की माणसे जवळच्या दारापेक्षा ओळखीच्या दाराकडे आणि आपल्या माणसांकडे धाव घेतात. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी एका नाइटक्लबच्या आगीत १०० जण मृत्युमुखी पडले. तेथेही निम्म्याहून अधिक लोकांनी ज्या मुख्य दाराने प्रवेश केला होता त्याच दाराने बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. जॉन ड्रुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील ७ जुलै २००५च्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांच्या कथनांतून अनोळखी माणसांमधील परस्परसाहाय्य पुढे आणले.

यातून दोन गोष्टी ठळक झाल्या. एक म्हणजे निर्गमनकाळाचा मोठा भाग चालण्यात जात नसून निघण्याचा निर्णय होईपर्यंतच्या विलंबात जातो. दुसरी म्हणजे हा विलंब माहितीवर अवलंबून असतो. गिलेन प्रू आणि साइम यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या एका भुयारी मेट्रो स्थानकात वेगवेगळ्या पद्धतींनी कवायती घेतल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९९१ साली मांडले : नुसती घंटा वाजवली तेव्हा प्रवासी बराच वेळ जागचे हलले नाहीत, आणि काय घडले आहे व कोठे जायचे हे स्पष्ट उद्घोषणेतून सांगितले तेव्हा ते लवकर निघाले. लोक घाबरतील म्हणून त्यांच्यापासून धोका लपवावा, या जुन्या प्रशासकीय सवयीला या प्रयोगाने दिलेले उत्तर आजही तितकेच महत्त्वाचे आहे.

दिशा दाखवणे आणि सोबत नेणे

स्थानाधारित मार्गदर्शनाची बीजे जपानमधील एका साध्या प्रयोगात सापडतात. तोशिओ सुगिमान आणि ज्युजी मिसुमी यांनी १९८८ साली निर्गमनाच्या दोन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या, रूढ पद्धतीत मार्गदर्शक मोठ्याने ओरडून आणि हातवारे करून सर्वांना दाराची दिशा सांगतो. दुसऱ्या पद्धतीत तो दिशा मुळीच सांगत नाही. जवळच्या एकदोघांना ‘माझ्याबरोबर या’ एवढेच म्हणून चालू लागतो, त्या एकदोघांसह तयार झालेल्या लहान घोळक्यामागे इतर आपोआप जातात आणि मोठी गर्दी हलू लागते. दर मार्गदर्शकामागे माणसे थोडी असतील, तेव्हा ही दुसरी पद्धत अधिक वेगवान ठरली. सर्वांना उद्देशून दिलेली सूचना कोणाचीच नसते, पण एका माणसाला उद्देशून केलेली विनंती पाळली जाते आणि इतरांना दिसते. या निरीक्षणात पुढच्या सगळ्या तंत्रज्ञानाचा गाभा आहे, असे म्हणावे लागेल.

क्योटो विद्यापीठातील तोरू इशिदा यांच्या गटाने २००० नंतरच्या वर्षांत हाच प्रयोग संगणकावर आणला. प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतःच्या नियमांनी वागणारा एक आभासी घटक तयार करून, मार्गदर्शक व निर्गमन करणारे यांच्या वर्तनाच्या संहिता लिहून त्यांनी मूळ प्रयोगाचे निष्कर्ष ढोबळमानाने पुन्हा मिळवले. त्यानंतर हिदेयुकी नाकानिशी, सातोशी कोइझुमी आणि इशिदा यांनी क्योटो स्थानकाच्या पार्श्वभूमीवर २००४ साली एक रचना मांडली. हिरोशी हारा यांनी आखलेली आणि १९९७ साली खुली झालेली ही इमारत सुमारे ४७० मीटर लांब आहे. रेल्वे, भुयारी मेट्रो, दुकाने, हॉटेल आणि नाट्यगृह अशा अनेक वापरांची माणसे तिच्यात मिसळतात. या रचनेत बसवलेले संवेदक प्रत्यक्ष माणसांची स्थाने टिपतात, ती स्थाने स्थानकाच्या त्रिमितीय आभासी प्रतिकृतीत आकृत्या म्हणून दिसतात, आणि नियंत्रण कक्षातील मार्गदर्शक वरून संपूर्ण चित्र पाहून हव्या त्या आकृतीकडे निर्देश करून त्या माणसाशी फोनवर बोलू शकतो. उद्घोषणेने सगळ्या स्थानकाला एकच वाक्य ऐकवता येते. येथे पूर्वेकडच्या जिन्यावरील माणसाला थांबवून पश्चिमेकडच्याला चालते करता येते.

प्रतिकृती आणि वास्तव यांची ही सरमिसळ पुढे याच गटाने अधिक नेमकी केली. २००७ साली मांडलेल्या पद्धतीत मोजकी खरी माणसे फोन घेऊन रस्त्यावर चालतात, उरलेला मोठा जमाव संगणकात असतो, आणि मार्गदर्शकाला दोन्ही एकाच नकाशावर दिसतात. हजारो माणसे गोळा न करता मोठ्या प्रमाणावरील मार्गदर्शनाची चाचणी घेण्याचा हा मार्ग किफायतशीर आहे. त्यातून तंत्राची व मार्गदर्शकाची परीक्षा होते, मात्र जमावाच्या वर्तनाची होत नाही.

स्थान कसे कळते

उपग्रहांवर आधारलेली जीपीएस यंत्रणा छताखाली निरुपयोगी ठरते, म्हणून इमारतीच्या आत निराळे उपाय शोधावे लागले. वाय-फायच्या संकेतांची तीव्रता जागोजागी नोंदवून तिचा नकाशा करायचा आणि फोनला मिळणाऱ्या तीव्रतेशी तो जुळवायचा, ही पद्धत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली मांडली. तिची अचूकता काही मीटरांची असते. ब्लूटूथचे छोटे प्रक्षेपक स्वस्त आहेत, अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओ लहरी मीटरच्या काही अंशापर्यंत अचूक आहेत पण त्यांची उपकरणे सर्वत्र नाहीत, आणि हवेचा दाब मोजून मजला ओळखता येतो. निर्गमनात मजल्याची चूक सर्वांत महाग पडते, कारण आडव्या दिशेने पाच मीटर चुकले तर माणूस शेजारच्या खोलीत दाखवला जाईल, पण मजला चुकला तर त्याला चुकीच्या जिन्याकडे पाठवले जाईल. शिवाय वीज गेली, राउटर जळाले किंवा माणसांच्या दाटीने संकेत अडले, तर शांत दिवशी काढलेला नकाशा कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न उरतोच.

मार्गदर्शन पोहोचवण्याचे माध्यमही एकच नाही. ग्रिनिच विद्यापीठातील एडविन गॅलिया आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आणीबाणीची नेहमीची स्थिर पाटी केवळ ३८ टक्के लोकांच्या लक्षात आली, ज्यांच्या लक्षात आली त्यांनी मात्र ती मानली; बाण चमकता व हलता केल्यावर पाहणाऱ्यांचे प्रमाण ७७ टक्क्यांपर्यंत गेले. परिस्थितीनुसार दिशा बदलणाऱ्या अशा पाट्यांना कोणाच्या हातात फोन असण्याची गरज नसते. धुरात, मुलाला कडेवर घेऊन जिना उतरणाऱ्या आईच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. ऑस्ट्रियातील लिंझ येथे फेरशा आणि झिया यांनी कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या कंपनांतून दिशा सांगण्याचा प्रयोग केला, पण तो प्रयोगशाळेबाहेर फारसा गेला नाही.

प्रतिरूपण हे साधन जेव्हा नियोजनाच्या टेबलावरून नियंत्रण कक्षात येते, तेव्हा त्याला घटनेच्या वेगापेक्षा वेगाने चालावे लागते. जर्मनीत २००८ ते २०११ या काळात चाललेल्या हर्मेस प्रकल्पात ड्युसेलडॉर्फच्या स्टेडियमच्या दरवाजांवरील कॅमेऱ्यांनी माणसांची मोजणी केली आणि त्या चालू आकड्यांवरून पुढील सुमारे पंधरा मिनिटांत गर्दी कोठे तुंबेल, याचा अंदाज संगणकाने आगाऊ द्यावा, अशी योजना होती. निर्णय मात्र अधिकाऱ्याकडेच ठेवला होता, आणि ती निवड विचारपूर्वक केलेली दिसते.

मतभेदांची ठिकाणे

पहिला मतभेद नियंत्रण कोठे असावे याविषयी आहे. केंद्रीय नियंत्रणाच्या बाजूचे म्हणणे असे की प्रत्येकाने आपल्यापुरता सर्वांत जवळचा मार्ग निवडला, तर एकूण काळ वाढतो. संपूर्ण चित्र पाहणाऱ्या यंत्रणेने काहींना लांबच्या जिन्याने पाठवले तरच सर्वांचा लाभ होतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की मध्यवर्ती संगणक किंवा जाळे कोसळले तर सारेच मार्गदर्शन एकदम बंद पडते, म्हणून पाट्यांनी आणि उपकरणांनी आपल्या परिसरातील माहितीवर स्वतंत्रपणे निर्णय घ्यावेत. पहिल्या बाजूचे गणित भक्कम आहे, दुसऱ्या बाजूला अपयशाच्या इतिहासाचा आधार आहे. केंद्रीय पद्धतीत आणखी एक नैतिक अडचण दडलेली आहे : ज्याला लांब पाठवले, त्याला तसे सांगायचे का? सांगितले तर तो ऐकणार नाही. न सांगता पाठवले आणि तो मार्ग धुराने भरला, तर त्याच्या जिवाचे उत्तर कोणी द्यायचे, याला कोणत्याही प्रतिमानात जागा नाही.

दुसरा मतभेद अनुपालनाचा, म्हणजे किती लोक सूचना मानतील याचा आहे. बहुतेक प्रतिरूपणांत हे प्रमाण एक आकडा म्हणून घातले जाते, आणि ते घातले की उत्तर जवळपास ठरून जाते. माणसे गर्दीमागे जातात, हे गृहीतकही आता निर्विवाद राहिलेले नाही. मिलाद हगानी आणि माजिद सर्वी यांच्या प्रयोगांत मार्ग दिसत असताना लोक बरेचदा गर्दी टाळतात, असे आढळले.

तिसरा मुद्दा चुकीच्या मार्गदर्शनाचा आहे, आणि प्रस्तुत लेखात तो सर्वांत गंभीर मानला आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रातील उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यानंतर दक्षिण मनोऱ्यात इमारत सुरक्षित असून लोकांनी आपापल्या जागी परतावे, अशी उद्घोषणा झाली, आणि काही मिनिटांतच दुसरे विमान त्या मनोऱ्यावर आदळले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी आगीची पहिली खबर गेली. घरातच थांबा ही सूचना २ वाजून ४७ मिनिटांपर्यंत कायम राहिली, आणि एकूण ७२ माणसे प्राणास मुकली. दोन्ही ठिकाणी सूचना देणाऱ्यांसमोर त्या क्षणी एक समर्थनीय नियम होता. परिस्थिती बदलली तरी नियम बदलला नाही. मार्गदर्शन जितके नेमके आणि वैयक्तिक होईल तितका त्यावरचा विश्वास वाढेल आणि चुकल्यास हानीही वाढेल, ही शक्यता प्रतिरूपणांत अपवादानेच तपासली जाते.

प्रमाणीकरणाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ पासून निर्गमन विश्लेषणाच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ साली चाचण्यांचा एक संच सुचवला आणि २०२० साली आयएसओने इमारतींसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. या चाचण्या वेग, वळणे आणि दाराशी होणारी दाटी तपासतात. एखाद्या माणसाने फोनवरची सूचना मानली की शेजाऱ्याचे ऐकले, हे तपासण्याइतका माहितीसाठा उपलब्ध नाही. आभासी वास्तवातील प्रयोग ही उणीव भरून काढू पाहतात, पण हेल्मेटमध्ये दिसणाऱ्या आगीला धूर आणि उष्णता नसतात.

भारतीय संदर्भ

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरील रोहित्रातून सुरू झालेल्या आगीचा धूर सज्जात शिरला आणि ५९ प्रेक्षक दगावले. वाढीव खुर्च्यांसाठी वाट बंद केलेली होती आणि प्रेक्षकांना वेळेवर उद्घोषणा मिळाली नाही. प्रतिरूपण मंजूर आराखड्यावर चालते आणि माणसे प्रत्यक्ष इमारतीत अडकतात. आराखड्यातील दार कुलूपबंद असेल, जिन्यात सामान रचलेले असेल, तर सर्वोत्तम प्रणालीही माणसाला बंद दाराकडे पाठवील. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ उंच इमारतींत ध्वनिक्षेपक यंत्रणा आणि अग्निनियंत्रण कक्ष अपेक्षिते, आणि महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. हे प्रमाणपत्र उपकरणांविषयी असते. गर्दी कोणत्या मार्गाने आणि किती वेळात बाहेर पडेल, हा त्याचा विषय नाही.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा आग नव्हती, धूर नव्हता. होती ती केवळ पावसामुळे थांबलेल्या माणसांवर मागून येणाऱ्या माणसांची भर. जिन्यात अडकलेल्याला दिशा सांगून अशा वेळी काही साधत नाही, कारण त्याला हलण्यासच जागा उरलेली नसते. सूचना पोहोचायला हवी ती अजून फलाटावर असलेल्यांपर्यंत आणि पुढची गाडी फलाटाला लावणाऱ्यांपर्यंत. स्थानाधारित मार्गदर्शनाचे बहुतांश संशोधन मात्र आगीपासून पळणाऱ्या माणसाला केंद्रस्थानी ठेवून झाले आहे. भुयारी मेट्रोचे जाळे वाढत असताना हा फरक महत्त्वाचा ठरेल. अमेरिकेतील एनएफपीए १३० हे मानक फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि सहा मिनिटांत सर्वजण सुरक्षित जागी पोहोचावेत, अशी अपेक्षा ठेवते. ही गणना फलाटावरच्या माणसांची संख्या आधी ठरवून केली जाते, आणि सायंकाळच्या गर्दीत ती संख्या किती धरावी, यावरच निकाल अवलंबून राहतो.

माणसाचे स्थान नोंदवणारी यंत्रणा आणीबाणीच्या दिवशी चालायची तर ती रोज चालू असावी लागते, आणि येथे खाजगीपणाचा प्रश्न येतो. भारतात २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, तरी स्थानकातील प्रवाशांची निनावी मोजणी आणि व्यक्तीचा माग यांच्यातली सीमा यंत्रणेच्या रचनेतच आखावी लागेल. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना दिसत वा ऐकू येत नाही, जे चाकांच्या खुर्चीवर आहेत, त्यांच्यासाठीचा मार्ग निराळा असतो. प्रतिरूपणात अशा माणसांसाठी बहुधा फक्त चालण्याचा वेग कमी धरला जातो, आणि जिना त्यांच्यासाठी मार्गच नाही ही बाब गणिताबाहेर राहते.